निळी शेवंती आणि कान तुटलेला कप

‘जपानी’ या शब्दाचा बाजारभाव आपल्या घरांत गेल्या सव्वाशे वर्षांत तीनदा तरी बदलला. १९०५ साली जपानने रशियाला नमवले, तेव्हा हा शब्द आदराने उच्चारला जात होता. १९३० नंतर तोच शब्द ‘स्वस्त आणि तकलादू’ या अर्थाने वापरला जाऊ लागला. खेळणे दोन दिवसांत मोडले की ‘जपानी माल, दुसरे काय!’ असे म्हणून मोकळे व्हायचे. पुढे १९८३ साली मारुती मोटार आली, त्याच सुमारास जपानी घड्याळे आणि टेपरेकॉर्डर यांचे अप्रूप वाढले आणि ‘जपानी’ म्हणजे डोळे मिटून घ्यावा असा माल, असे आपण मानू लागलो. बँकेच्या नोकरीत उभे आयुष्य गेल्यामुळे पत कशी चढते आणि कशी उतरते, हे पाहण्याची मला सवय आहे. या साऱ्या चढउतारांत एक वस्तू मात्र फडताळाच्या वरच्या कप्प्यात गप्प बसून होती. पांढऱ्याशुभ्र अंगावर निळी फुले असलेली कपबशी.

नागपूरच्या महालात जुन्या वाड्यांतून वाढलेल्या माणसाला ती वेगळी सांगायला नको. गांधी गेटमधून आत शिरल्यापासून बडकस चौकापर्यंत आणि पुढे चिटणीस पार्कच्या आसपास जे वाडे होते, त्यांतल्या अनेकांच्या बैठकीत किंवा माजघरात काचेच्या दाराचे एक कपाट असे. त्यात सहा कप, सहा बशा, एक किटली, जमल्यास साखरेचे झाकणाचे भांडे. व्याही आले, डॉक्टर आले, मुलगी पाहायला मंडळी आली, की ते कपाट उघडायचे. एरवी घरची माणसे पितळेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात चहा पीत. त्या कपांना ‘चांगले कप’ म्हणत. या ‘चांगले’ शब्दात काय काय दडलेले आहे, तेच मला आज सांगायचे आहे. पण आधी त्या निळ्या फुलांकडे जरा निरखून पाहू.

जपानच्या दक्षिणेकडे क्यूशू बेटावर आरिता नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या इझुमियामा डोंगरात पांढरा, कुटून भुगा करता येईल असा दगड सापडला आणि जपानात खऱ्या चिनी मातीची भांडी बनू लागली. हा दगड शोधण्याचे श्रेय परंपरेने री सांपेई या कोरियन कुंभाराला दिले जाते. १५९२ ते १५९८ या काळात जपानी सरदारांनी कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या आणि परतताना तिथले कुंभार आपल्याबरोबर नेले. सोन्यानाण्याप्रमाणे हात लुटून नेले म्हणा ना! त्या परक्या हातांनी आरिताचे नाव जगभर नेले. आज आरिताच्या तोझान देवळाची कमान निळ्या वेलबुट्टीच्या चिनी मातीची आहे आणि त्या देवळात राजपुरुषांच्या बरोबरीने या री सांपेईलाही पूजले जाते. पकडून आणलेला कुंभार देव्हाऱ्यात बसला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तिचे काम पुढे पडणार आहे.

नक्षीची कल्पना चीनची. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांत निळी-पांढरी भांडी बहरली, ती इराणकडून येणाऱ्या कोबाल्टच्या बळावर. जपानी लोक या कामाला ‘सोमेत्सुके’ म्हणतात. त्याची कृती ऐकण्यासारखी आहे. भांडे एकदा हलके भाजून घ्यायचे, मग त्यावर कोबाल्टच्या पाण्याने फुले काढायची. काढताना हा रंग निळा नसतोच, मळकट काळपट दिसतो. एक जण बारीक कुंचल्याने फुलाची रेघ ओढतो, दुसरा जाड, पाण्याने थबथबलेल्या कुंचल्याने पाकळीत रंग सोडतो. कोरडे भांडे पाणी चटकन शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. आमच्या चितार ओळीत गणपतीचे डोळे रेखताना मूर्तिकाराचा श्वास जसा थांबतो, तसेच हे. मग वरून झिलईचा हात द्यायचा आणि १३०० अंशांच्या आसपास भट्टी लावायची. ती निवल्यावर उघडली की काळपट डाग गेलेला असतो आणि झिलईच्या आत गडद निळे फूल उमललेले असते. झिलईच्या आत असल्यामुळे ते शंभर वर्षे घासले तरी जात नाही.

आणि फुले कोणती? शेवंती, पिओनी, प्लमच्या झाडाचा मोहर, आणि त्यांना गुंफणारी न संपणारी वेल. शेवंती हे जपानच्या राजघराण्याचे चिन्ह. आपल्या बायकांना राजघराण्याची काय माहिती असणार? पण फूल त्यांनी बरोबर ओळखले होते. ‘शेवंतीचे कप काढ गं,’ असे आमच्या वाड्यात म्हणत. दसऱ्याला दारावर ज्या फुलाचे तोरण लागते, ते परमुलखातून कपावर बसून आले तर ते परके कसे वाटावे?

सतराव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये मिंग घराणे कोसळले. १६४४ नंतर तिथे यादवी माजली आणि भांड्यांची निर्यात आटली. डच ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी तेव्हा जपानकडे वळले. १६५९ साली त्यांनी आरिताला पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. माल इमारी बंदरातून निघून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत यायचा आणि तिथून जहाजांनी बटाव्हिया, सुरत, मोखा आणि हॉलंडकडे जायचा. आपल्या वेंगुर्ल्यालाही त्या शतकात याच कंपनीची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे कोरियाचे हात, चीनची नक्षी, इराणची निळाई आणि डचांची जहाजे एवढ्या सगळ्यांतून जे भांडे घडले, त्याला जग ‘जपानी’ म्हणते. आणि आपण? आपण त्याच्या मातीला अजूनही ‘चिनी’च म्हणतो.

आता ही कपबशी मध्य हिंदुस्थानात, समुद्रापासून इतक्या दूर कशी पोचली? त्याचा धागा कापसाचा आहे आणि तो आपल्या नागपुरातूनच जातो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. याच जमशेटजींनी १८९३ मध्ये जपानला जाऊन निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई-कोबे अशी बोट सुरू करवली. हेतू असा की, कापसाच्या वाहतुकीवर इंग्रजी बोटकंपन्यांनी लादलेले भाडे टळावे. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांना फार मानवला. कापूस तिकडे गेला आणि कापड, आगपेट्या, खेळणी, काचसामान, कपबश्या इकडे आल्या. १९३१ च्या अखेरीस जपानने आपले चलन सोन्यापासून सोडवले, येनचा भाव घसरला आणि जपानी माल हिंदुस्थानात इतका स्वस्त झाला की, इथल्या गिरण्यांना धडकी भरली. १९३३ मध्ये सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. त्याचा चटका वऱ्हाड-नागपूरच्या कास्तकाराला बसल्यावाचून कसा राहील? १९३४ मध्ये दोन्ही सरकारांत समझोता झाला, तेव्हा कुठे गाडे रुळावर आले. तुमच्या आजोबांनी चार-सहा आण्यांत घेतलेल्या कपामागे हा एवढा हिशेब उभा आहे.

गंमत अशी की, ज्या टाटांच्या बोटीने कापूस गेला, त्यांच्याच मुलांनी, सर रतन आणि सर दोराबजी यांनी, हौसेने गोळा केलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. श्रीमंताची कपबशी काचेच्या पेटीत गेली, तिच्याखाली चिठ्ठी लागली. मध्यमवर्गाची फडताळात राहिली.

स्वदेशीच्या चळवळीनेही या कपाला नाकारले नाही, उलट त्याची विद्या घेतली. सत्यसुंदर देव नावाचा बंगाली तरुण जपानला जाऊन ही विद्या शिकून आला आणि कलकत्त्याच्या पॉटरीत चिनी मातीची भांडी करू लागला. तोच कारखाना पुढे बेंगॉल पॉटरीज म्हणून नावारूपाला आला. त्यामुळे घरातला ‘आपला’ कप आणि ‘जपानी’ कप हे नात्याने मावसभाऊच निघतात.

ही झाली वस्तूची जन्मकथा. आपण तिचे स्वागत कसे केले, ती कथा मात्र इतकी देखणी नाही.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाताळली. पण नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग गुदरला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका कपातला चहा तो केवढा, आणि त्याने धर्म किती ढवळला! आणि त्याच काळात सोवळ्यातले लोणचे मात्र चिनी मातीच्या बरणीत सुखाने मुरत होते. आंबट-खारटाने तांब्या-पितळेची भांडी कळकतात, म्हणून बरणी सोयीची. मातीचे कूळ तेच, फक्त आच आणि घडण वेगळी. सोयीची असली की बरणी पवित्र, आणि कोणाच्या तरी ओठाला लागली की कपबशी विटाळलेली! शास्त्राचा हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाच्या टेबलावर टिकला नसता.

पुढे चहा घराघरांत शिरला आणि कपबशीचा विटाळ मावळला. निदान असे आपल्याला वाटले. प्रत्यक्षात तो मावळला नाही, त्याने जागा बदलली. शेवंतीचे कप पाहुण्यांचे झाले. नित्याचे पेले घरच्यांचे झाले. आणि ज्या कपाचा कान तुटला, काठाचा टवका उडाला, बशी फुटून जो एकटा उरला, तो कप मोरीच्या खिडकीत, किंवा अंगणातल्या कोनाड्यात, पालथा जाऊन बसला. तो कोणाचा, हे सांगावे लागत नसे. भांडी घासणारीचा, झाडूवाल्याचा, लाकडे फोडून देणाऱ्याचा. चहा त्यात वरून ओतायचा आणि पिऊन झाल्यावर त्याचा त्याने विसळून पालथा घालायचा. आपल्या घरांत जातीची मोजणी करायला कधी खानेसुमारीवाला लागला नाही. तीन तऱ्हेचे कप पुरेसे होते.

जपानात फुटलेला कप लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची रेघ ओढण्याची जुनी रीत आहे. तडा लपवायचा नाही, भांडे मानाने परत वापरात घ्यायचे. आपणही तडा गेलेला कप टाकला नाही. फक्त तो कोणाच्या हातात द्यायचा, हे ठरवून ठेवले.

नोकरीच्या काळात एका शाखेत मी हाच कोनाडा पाहिला. शाखेचे नाव महत्त्वाचे नाही. टेबलावर निळ्या काठाचे कप यायचे आणि सफाई कामगाराचा कप खिडकीच्या गजामागे उन्हात असायचा. राष्ट्रीयीकरणाला वीस वर्षे होऊन गेली होती. भिंतीवर ‘ग्राहक आमचे दैवत’ अशी पाटी होती. पुढे तिथे एक मॅनेजर बदलून आले. मितभाषी गृहस्थ. त्यांनी भाषण केले नाही, परिपत्रक काढले नाही. पहिल्याच आठवड्यात इतवारीतून एकसारखे अठरा कप आणवले, जुने सगळे पेटीत भरून घालवले आणि ‘संकीर्ण खर्च’ म्हणून व्हाउचरवर सही केली. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा कोणता कप कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. दोन जणांनी आठवडाभर चहा सोडला. नंतर तेही पिऊ लागले. एवढ्या स्वस्तात पार पडलेली सुधारणा मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

याच्या उलटे चित्रही मी पाहिले आहे. कर्जाच्या पाहणीसाठी कुही, मौदा या भागातल्या गावांत जावे लागे. कास्तकाराच्या घरी खाटेवर बसवायचे आणि आतून कुजबुज ऐकू यायची. पोरगे मागच्या दाराने पळायचे आणि शेजारून पदराखाली झाकून एक धडकी कपबशी यायची. हप्ता थकलेला, विहीर आटलेली, पण साहेबापुढे कानाचा कप यायला हवा! त्या कपातला चहा कितीही गोड असला तरी मला तो सहज गिळता येत नसे. ज्यांच्या वाट्याला घरोघरचा कान तुटलेला कप आला, तीच माणसे आपल्या दारी आलेल्याला मात्र उसना आणून का होईना, चांगलाच कप देत होती. पाहुणचार कोणाला कळला होता, हे वेगळे सांगायला हवे का?

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. खरेच झाले का? महालातले वाडे एकेक करून उतरत आहेत, त्यांच्या जागी फ्लॅट उभे राहत आहेत. फ्लॅटमध्ये मोरी नाही, कोनाडा नाही. पण सिंकखालच्या कप्प्यात, किंवा फ्रीजच्या मागे, एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असतो. आपण कामाला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणतो, त्यांच्या मुलाच्या फीला मदतही करतो, आणि चहा मात्र त्या पेल्यात देतो. विचारले तर ‘स्वच्छतेसाठी’ असे उत्तर मिळते. घरातले एकूण एक भांडे ज्या हातांनी स्वच्छ होते, त्याच हातांपासून ही स्वच्छता जपायची! ज्या गावात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी माणुसकीचा नवा खाते-उतारा मागितला, त्या गावात तरी हा पेला शिल्लक राहायला नको होता.

आणि दुसरीकडे ती शेवंती? तिचेही काही बरे चाललेले नाही. वाडा रिकामा करताना पितळ वजनावर विकले जाते, सागवानाला गिऱ्हाईक मिळते, कपबश्या मात्र पोत्यात भरून भंगारवाल्याला जातात. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तेव्हा इंग्रजांनी राजवाड्यातले हत्ती, घोडे, जवाहीर लिलावात काढले. त्या लिलावाची सल महालाच्या मनात अजून आहे. आज आपल्या घरचा लिलाव आपणच पुकारतो आणि तोही मातीमोलाने. ज्यांना किंमत कळते, ते दुसऱ्या टोकाला जातात. कप शोकेसमध्ये ठेवून त्यावर दिवा सोडतात आणि पाहुण्याला कागदी पेल्यात चहा देतात. मला ही दोन्ही टोके सारखीच वाटतात. दोन्हींत कपाला कोणाचा ओठ लागत नाही.

जपानचे एक विचारवंत, यानागी सोएत्सु, यांनी विसाव्या शतकात एक साधी गोष्ट मांडली. सामान्य कारागिरांनी सामान्य माणसांच्या रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तूंतच खरे सौंदर्य असते आणि ते वापराने वाढते. अशा वस्तूंसाठी १९३६ मध्ये त्यांनी टोकियोत संग्रहालयही उभारले. आपल्याला इतके लांब जायलाही नको. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला भद्रावती लागते. तिथल्या ग्रामोदय संघाने कुंभारांना हाताशी धरून खेड्यातल्या मातीतून चिनी मातीच्या तोडीची भांडी घडवण्याचा ध्यास घेतला. कुंभाराला देवळात नाही बसवता आले तरी त्याच्या हातचा कप रोजच्या चहाला वापरणे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.

तेव्हा माझे म्हणणे दोनच ओळींचे आहे. घरातले सर्वांत चांगले कप रोज वापरा. आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच कपात चहा द्या.

‘फुटतील ना!’ अशी हरकत येईलच. फुटतील. सहाचे पाच होतील, पाचाचे तीन. पण कपाटात राहून त्यांचे काय भले झाले? थोडी काळजी घेतली की पुरे. फार जुन्या कपात एकदम उकळता चहा ओतू नये, आधी कोमट पाण्याने तो विसळून घ्यावा. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. आणि वापरण्यापूर्वी एकदा कप उलटा करून पाहावा. तळाचे कडे बिनझिलईचे, खरखरीत असते, तिथे मूळ माती दिसते. बुडाशी कारखान्याची किंवा देशाची खूण असेल तर ती वाचावी. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर ‘निप्पॉन’ लिहीत, १९२१ नंतर ‘जपान’, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे ‘ऑक्युपाइड जपान’. एका देशाचे दैव कपाच्या बुडाशी लिहिलेले असते! कप उजेडासमोर धरून पलीकडून बोट लावावे, पातळ असेल तर बोटाची सावली दिसते. फुलाची रेघ सांध्यावर तुटली असेल तर नक्षी छापाची, निळा रंग कुठे दाट कुठे विरळ असेल तर बहुधा कुंचल्याची. मुलांना हे दाखवावे. भूगोल आणि इतिहास त्यांना एका कपात शिकता येईल.

पण त्याआधी सिंकखालचा तो वेगळा पेला बाहेर काढा. त्यात तुळशीला पाणी घाला, पेन्सिली ठेवा, काहीही करा. सोमवारी सकाळी मावशी कामाला येतील, तेव्हा शेवंतीच्या कपात चहा भरा, बशीसकट त्यांच्यापुढे ठेवा आणि तशाच दुसऱ्या कपात आपला घ्या. त्या थोड्या बिचकतील, ‘बाई, हा फुटंल न माझ्या हातानं,’ असेही म्हणतील. त्यांना सांगा, फुटू द्या.